लेकरू झोपलंय, अ‍ॅम्प बंद ठेव

लोखंडी | सोमवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचत होतो. आज लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती कुणाशी बोलावी ते कळत नाही.

मी जालन्याचा. दिवसा रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला, आणि गेली चौदा वर्षं हेवी मेटल वाजवतो, गिटार. बँडमध्ये आम्ही चौघं. दोघं संभाजीनगरचे, एक परभणीचा आणि मी. वाळूजला एका मित्राची बंद पडलेली शेड आहे, तिथं रविवारी सराव. आमच्याकडं मेटल ऐकणारी पोरं आहेत, पण ती विखुरलेली आहेत, गावात दोन, तालुक्याला चार. कार्यक्रम म्हणजे कॉलेजचं गॅदरिंग, नाहीतर सरळ पुणे-मुंबई. एका गॅदरिंगला तिसऱ्या गाण्यावर लाइट घालवली होती. आम्ही अंधारात ड्रमवर गाणं पुरं केलं आणि पोरं हलली नाहीत. त्या रात्रीवर मी पुढची चार वर्षं काढली.

नऊ महिन्यांपूर्वी मुलगी झाली. आमच्या गावाबद्दल जुने लोक म्हणतात, 'जालना सोने का पालना'. आता पाळणा खरोखर घरात आहे, आणि त्याच्या दोरीला हात लावून मी रात्रीचे रिफ, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारे सुरांचे तुकडे, मनातल्या मनात वाजवतो. गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प बंदच असतो. आई आतून सांगते, "लेकरू झोपलंय."

आणि आत्ताच बँडला दौरा आलाय. पुणे, मुंबई, बेंगळुरू आणि तिथून गुवाहाटी, शिलाँग. बावीस दिवस. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बायको म्हणते जा. बिनपगारी रजा मिळेल, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की जानेवारीत पोरगी पहिलं पाऊल टाकणार आणि मी शिलाँगला असणार.

माझे वडील इथंच एमआयडीसीत भट्टीवर होते, तीन पाळ्या. लहानपणचे बाबा म्हटलं की मला भिंतीकडं तोंड करून झोपलेली पाठ दिसते. "हळू बोला, रात्रपाळी करून आलेत." आमचं बालपण या एका वाक्यात गेलं. त्यांचा दोष नव्हता, पण माझ्या पोरीला तशी पाठ द्यायची नाही, हे मी ती पोटात असतानाच ठरवलं होतं.

हे संगीत ज्या गावात जन्मलं ते बर्मिंगहॅमसुद्धा कारखान्यांचंच. तिथल्या ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे सूर दाबायची तीच बोटं. त्यानं साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, तारा हलक्या घेतल्या आणि पुढं त्या ढिल्या लावून सूर खाली आणला. आज जगभर मेटलचा जो जड, खालचा आवाज आहे, त्याला त्या दोन बोटांचा मोठा हातभार आहे. आमच्या मिलमध्ये बोटं गेलेले तिघं मला माहीत आहेत, म्हणून ही गोष्ट मला दूरची वाटत नाही.

आणि ऑझी, त्याच ब्लॅक सबाथचा गायक. त्याचे वडील रात्रपाळीला, आई दिवसपाळीला. म्हणजे आमचंच घर. पोराला गायचंय म्हणून त्या माणसानं कर्ज काढून साउंड सिस्टीम घेऊन दिली होती. तोच ऑझी पुढं स्वतः बाप झाला तेव्हा पहिल्या लग्नातल्या मुलांसाठी घरी नव्हता. जिवंतपणीच त्यानं हे कबूल केलं होतं. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर तो शेवटचं गायला, पार्किन्सन्समुळं उभं राहता येत नव्हतं म्हणून सिंहासनावर बसून. २२ जुलैला गेला. त्या रात्री मी पोरीला मांडीवर घेऊन बातमी वाचत होतो, ती चार महिन्यांची होती.

तर विचारायचं हे: तुमच्यापैकी कुणी वाजवतं का? किंवा तुमचा बाप वाजवणारा होता का? बाहेर जाणाऱ्या बापाचं घर कसं चालतं?

---

माहूरचा संबळ | मंगळवार, सकाळी ७:१०

दादा, मेटल मला कळत नाही, पण बाप वाजवणारा होता. आम्ही गोंधळी, रेणुराई. तुळजापूरकडचे ते कदमराई, आम्ही माहूरच्या रेणुकेचे.

लग्नसराईत बाबा महिना महिना घरी नसायचे. गोंधळ रात्रीचा. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, आणि पहाटेच्या आरतीपर्यंत संबळ खाली ठेवायचा नाही. मी सहा वर्षांचा झालो तसं मला बरोबर न्यायला लागले. पहिली दोन वर्षं माझं काम एकच, दिवटीला तेल घालायचं. रात्री दोनला डोळे मिटायचे तेव्हा बाबा संबळ जरा चढवायचे, मला जागं करायला. लोकांना वाटायचं कथेत रंग भरला. आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मला बाप घरी मिळाला नाही, चौकात मिळाला. पोरगी जरा मोठी होऊ द्या आणि एखाद्या दिवशी शेडमध्ये न्या. आपला बाप कुठं जातो हे तिनं पाहिलेलं असलं पाहिजे.

---

पैठणकर पंत | मंगळवार, सकाळी ९:३०

मनातलं बोलतो, राग मानू नका. कवट्या, काळे कपडे, आरडाओरडा, तर्जनी आणि करंगळी वर करून केलेली बोटांची ती शिंगं. नऊ महिन्यांच्या मुलीच्या कानावर आणि डोळ्यांवर हे पडावं का? आमच्याकडं नाथषष्ठीला हजारो टाळ वाजतात, आवाज तिथंही मोठा असतो, पण मन शांत होऊन माणूस घरी येतो.

---

लोखंडी | मंगळवार, दुपारी १:२०

पंत, राग नाही. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

त्या शिंगांबद्दल सांगतो. ती खूण मेटलमध्ये रुजवली गायक रॉनी जेम्स डिओनं, १९७९ मध्ये तो ब्लॅक सबाथमध्ये आल्यानंतर. त्याच्या घरचे मूळचे इटलीचे. त्याची आजी वाईट नजर लागू नये म्हणून बोटांची ती खूण करायची, ते पाहून त्यानं उचललं. माझी आई दर शनिवारी पोरीवरून मीठ-मोहरी ओवाळते आणि चुलीत टाकते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दृष्टच काढायलाय की तो." तेव्हापासून माझ्या काळ्या टी-शर्टवर तिचा राग नाही.

मन शांत होण्याचं म्हणाल तर आठ तास मिलमध्ये काढून बघा. बाराशे अंशाला तापलेला लाल बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब ठोकळा, रोलमध्ये शिरतो तेव्हाचा आवाज छातीत बसतो. तो डोक्यात घेऊन घरी गेलो की मी चिडचिडा असतो. शेडमध्ये दोन तास वाजवून गेलो की नसतो. बायकोला हा फरक दारातच कळतो.

संबळभाऊ, तुमचं तेल घालण्याचं वाचून मिलमध्ये दोघांना वाचून दाखवलं.

---

लातूरचा बास | मंगळवार, रात्री १०:१५

मीही वाजवतो, बास गिटार. दोन मुलं, आठ आणि पाच वर्षांची. लातूरला क्लासेसच्या गल्लीत राहतो, खाली तीनशे पोरं नीटचा अभ्यास करतात, त्यामुळं घरी वाजवायचं ते हेडफोनवरच.

३० ऑक्टोबर २०११ ला मी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर होतो, मेटालिकाला. त्याआधी दोन दिवस गुरगावचा कार्यक्रम रद्द झाला होता, म्हणून इथलं तरी होतंय का नाही, ही धाकधूक शेवटपर्यंत. तेव्हा मेटालिकाचा गायक हेटफिल्ड माझ्यासाठी देव होता. बाप झाल्यावर मी त्याच्याबद्दल पुन्हा वाचलं, आणि माणूस वेगळाच दिसला.

तेरा वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला. सोळाव्या वर्षी आई कॅन्सरनं गेली, आणि घरच्या पंथात औषधोपचार नाकारायची रीत. असा पोरगा मोठा होऊन जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल बँडचा गायक होतो, स्वतः बाप होतो, आणि पोराचा पहिला वाढदिवस येतो तेव्हा अस्वलाच्या शिकारीसाठी रशियात असतो. २००१ मध्ये दारूपायी पुनर्वसन केंद्रात गेला. परत आला तो अट घालूनच: काम दुपारी १२ ते ४, त्यापुढं एक मिनिट नाही, मला घरी जायचंय. बँडमधले वैतागले. कोट्यवधीचा कारभार चार तासांवर आला. तरी त्यानं ते धरून ठेवलं.

नंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. २०१९ मध्ये तो परत उपचाराला गेला आणि ऑस्ट्रेलियाचा दौरा पुढं ढकलावा लागला. पण त्याचा मुलगा आज स्वतः ड्रम वाजवतो, मेटलच. ज्या गोष्टीनं बाप दूर नेला तीच गोष्ट त्या पोरानं हातात घेतली, हे मला फार मोठं वाटतं.

आणखी एक. सेपल्टुरा या मेटल बँडच्या १९९३ च्या 'केऑस ए. डी.' या अल्बमची सुरुवात ज्या ठोक्यांनी होते ते ड्रमचे नाहीत. बँडचा गायक मॅक्स कॅव्हलेरा, त्याच्या बायकोच्या पोटातल्या बाळाच्या, झायॉनच्या हृदयाचे ते ठोके आहेत. किल्लारीचा भूकंप झाला ते हे वर्ष, मी तेव्हा तिसरीत होतो. वीस वर्षांनी तोच झायॉन बापाच्या सोलफ्लाय बँडमध्ये ड्रमवर बसला. दोघं एकाच गाडीतून दौऱ्याला.

दौऱ्याचं मला विचाराल तर जा. पण बावीस दिवस सलग नको.

---

बीडचा | बुधवार, सकाळी ६:४०

वाचतोय कालपासून. लिहू का नको करत होतो.

माझे आईबाप दोघंही ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, आणि पाडव्याच्या आसपास परत. मधले पाच-सहा महिने मी आज्जीजवळ. एक वर्ष कर्नाटकात गेले होते, तेव्हा आज्जी आजारी पडल्याचा निरोप पोचायला चार दिवस लागले.

लोखंडी, तुम्ही विचारलं बाहेर जाणाऱ्या बापाचं घर कसं चालतं. चालतं. आज्जी चालवते. पण एक सांगतो, जे कुणी लिहिलं नाही. मला ते गेल्याचं तेवढं लागलं नाही. सगळ्यांचेच जायचे, गल्ली रिकामी व्हायची. लागलं ते परत आल्यावर. एका वर्षी बापानं चौथीचं पुस्तक आणलं माझ्यासाठी. मी पाचवीत होतो. त्याला ठाऊकच नव्हतं. मी काही बोललो नाही, ते पुस्तक वर्षभर दप्तरात वागवलं.

दुसरं. तुम्ही मनानं जाताय. माझ्या बापानं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत जावंच लागायचं. तुमच्या हातात नाही म्हणणं आहे. ज्याच्या हातात आहे त्यानं त्याचं वजन ओळखावं, एवढंच.

---

लोखंडी | बुधवार, दुपारी १:०५

बीडचा, तुमचा प्रतिसाद वाचला आणि जेवण तसंच राहिलं.

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. कालपासून मी दौरा आणि बाबांची रात्रपाळी एकाच मापात मोजत होतो. बाबांना नाही म्हणता येत नव्हतं, मला येतं.

बाबांबद्दल एक राहिलं. निवृत्तीनंतर एकदा ते वाळूजच्या शेडमध्ये आले होते. दोन गाणी ऐकली, हात मागं बांधून, मिलमध्ये उभे राहायचे तसे. बेअरिंग जायला लागलं की मोटर कशी गाते, हे बाबांना दुसऱ्या शेडमधून कळायचं. गाणं संपल्यावर ते बासवाल्याकडं गेले आणि म्हणाले, "तुझी जाड तार ढिली आहे." आम्ही तपासलं. खरंच उतरली होती, चौघांपैकी कुणालाही कळलं नव्हतं. चांगलं की वाईट ते काहीच म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी वारले.

---

श्रवण | बुधवार, रात्री ९:००

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणारी, नांदेडला. संबळभाऊंनी मुलीला सरावाला न्यायचं सुचवलंय म्हणून लिहिते.

८५ डेसिबल आवाजात मोठ्या माणसानं दिवसाला जास्तीत जास्त आठ तास राहावं. पुढं दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम आणि दोन अ‍ॅम्प असले की शंभर सहज ओलांडतं, पत्रा आवाज शोषत नाही, परत फेकतो. बाळाची कानाची नळी लहान असते, तिथं दाब आणखी वाढतो, म्हणून हा हिशोब बाळाला लावूच नका, त्याहून कमी धरा.

कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. लहान बाळाला इअरप्लगही नको, ते नीट बसत नाहीत आणि निघाले तर तोंडात जातात. लागतो तो कानावरून बसणारा मफ, बाळांच्या मापाचा. आणि मफ असला तरी शेडच्या बाहेर, दार लावून, थोडा वेळच.

लोखंडी, तुमच्यासाठी वेगळं: मिलचे आठ तास आणि शेडचे दोन, कान दोन्ही एकत्रच मोजतो. मिलमध्ये प्लग घालता का? कानात शिट्टी वाजते का? एकदा तपासणी करून घ्या. मुलगी बोलायला लागेल तेव्हा तिचे 'त' आणि 'स' तुम्हाला वेगळे ऐकू यायला हवेत.

---

देगलूरची सून | बुधवार, रात्री ११:३५

इतक्या पुरुषांनी लिहिलंय, आता बायकोच्या बाजूनं.

माझे मिस्टर ड्रम वाजवतात. मेटल आधी, आता पोटासाठी लग्नाच्या बँडमध्येही. मुलगा चार वर्षांचा. ते जातात त्याचं मला काही नाही, लग्नाआधीच माहीत होतं. त्रास होतो तो ते आल्यावर. दौऱ्यावरून आले की दोन दिवस झोपायचे. उठले की फोन, कुणी कोणता व्हिडिओ टाकला. मुलगा त्यांच्या अंगावर चढायचा आणि मी त्याला ओढायची, "पप्पा दमलेत." एक दिवस मुलगाच मला म्हणाला, "पप्पा आले की तू ओरडतेस." तेव्हा मी बसले आणि आम्ही दोघांनी ठरवलं.

आता नियम असा. आल्याचा पहिला दिवस मुलाचा. झोप यायच्या गाडीत काढून यायची. आंघोळ त्यांनी घालायची, भरवायचं त्यांनी, शी-शू त्यांनी. मी त्या दिवशी माहेरी नाहीतर मैत्रिणीकडं. फोन कपाटात. कोणत्या भाजीला तोंड फिरवतो, रात्री कशानं उठतो, हे मी सांगत नाही, त्यांनी शोधायचं. बीडच्या दादांनी चौथीच्या पुस्तकाचं लिहिलं ना, त्यावर माझ्याकडं हा एकच उपाय आहे.

तुमची बायको जा म्हणते. तिला परत विचारा, पण 'जाऊ का' असं नको. 'आल्यावर काय करू' असं विचारा.

---

लातूरचा बास | गुरुवार, सकाळी ८:२०

देगलूरची सून, हे मी आमच्या ग्रुपवर पाठवतोय.

लोखंडी, तुमचे रिफ मला खाजगी निरोपातून पाठवा. मी गिटारही वाजवतो, बासइतकी चांगली नाही, पण बसवेन. शिलाँग-गुवाहाटी मी करू शकतो. तुमच्या बँडला चालत असेल तर.

---

लोखंडी | गुरुवार, रात्री ११:१०

बायकोला तसंच विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रात्री दोनची दुधाची बाटली. महिनाभर. मला सलग झोपायचंय." दौऱ्याबद्दल काहीच बोलली नाही.

बँडशी बोललो. ड्रमवाला चिडला, चौदा वर्षांनी चालून आलंय आणि तू अर्धवट सोडतोस म्हणाला. त्याचं चूक नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तर पुढं लिहीन.

---

लोखंडी | अपडेट, अडीच महिन्यांनी

पुणे, मुंबई, बेंगळुरू केलं. नऊ दिवस. लातूरकर शिलाँगला गेले आणि माझ्यापेक्षा स्वच्छ वाजवलं, रेकॉर्डिंग ऐकलं मी. ड्रमवाला अजून तुटक बोलतो, पण रविवारी सरावाला येतो.

पहाटे पाचला जालन्याला उतरलो. पोरीनं मला ओळखलं नाही. आईच्या पदराआडून बघत राहिली. मी पुढं गेलो तर रडली, म्हणून फरशीवर बसून राहिलो. फोन कपाटात, बायको तिच्या बहिणीकडं. आठ वाजले, नऊ वाजले. मी गिटारच्या तारा बदलायला काढल्या, जुन्या तारा गुंडाळत बसलो. साडेदहाच्या सुमाराला ती भिंत धरून आली आणि गिटारची पिशवी धरून उभी राहिली. पहिलं पाऊल मी नसतानाच टाकलं होतं, सहा दिवस आधी. पडवळ खात नाही, हे मला दुपारी कळलं. रात्री दोनला बाटली घेऊन उठलो तर ती आधीच जागी होती, पाळण्यात बसून.

आता महिना झाला, बाटली माझ्याकडंच आहे.

श्रवणताई, कान तपासले. डावा थोडा कमी आलाय, मिलमध्ये आता दोन्ही कानांत प्लग असतात. पोरीला मफ घेतलाय, उद्या पहिल्यांदा शेडच्या दाराशी नेणार, दहा मिनिटं. पण मफ ढिला होतोय, टोपी घातली तरी सरकतो. काय करू?

---

श्रवण | त्याच रात्री

टोपी काढा. टोपीवरून लावला की कडेनं फट राहते आणि आवाज तिथून आत जातो. तरी सरकत असेल तर तो मोठ्या मुलांच्या मापाचा आहे, दुकानात बदलून मागा. तोवर नेऊ नका, शेड कुठं पळून जात नाही.